एकोणीस डॉलरांची दुर्बीण

१९३० साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, न्यूपोर्ट गावी, विल्यम वीव्हर या तरुणाने रायफलीवर बसवायची एक दुर्बीण विकायला काढली. ‘३३०’ हे तिचे नाव आणि बसवायच्या पट्टीसकट किंमत १९ डॉलर. मंदीने देश हवालदिल झालेला असताना असली वस्तू विकायला काढणे हा वेडेपणाच वाटावा. पण दुर्बीण खपली. तीनच वर्षांत वीव्हरने कारखाना टेक्सासमधल्या एल पासोला हलवला आणि पुढची काही दशके मध्यमवर्गीय अमेरिकी शिकाऱ्याच्या रायफलीवर हे नाव सर्रास दिसू लागले. या यशाचा नेहमीचा खुलासा असा : यंत्रे सुधारली, उत्पादन वाढले, किंमत उतरली. हा खुलासा खोटा नाही, पण अपुरा आहे. दुर्बीण सामान्य माणसाच्या हाती आली ती तिच्यातले काय सोडून द्यायचे आणि कशाला हात लावायचा नाही, याचा निवाडा कोणीतरी नीट केला म्हणून. जिथे तो निवाडा चुकला तिथे दुर्बीण फसली, मग ती कितीही स्वस्त असो. एकाच बोल्ट-ॲक्शन रायफलीवर सगळी कामे भागवू पाहणाऱ्या आणि खिसा सांभाळून दुर्बीण निवडणाऱ्या माणसापुढचा आजचा प्रश्नही तोच आहे, आणि त्याचे उत्तर या शंभर वर्षांच्या इतिहासात बरेचसे मिळते.

रायफलीवर दुर्बीण बसवण्याची कल्पना वीव्हरच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा बंदूकसाज मॉर्गन जेम्स आणि स्थापत्य अभियंता जॉन चॅपमन यांनी अशा दुर्बिणींचे काम केले. नेमबाजीच्या सुधारित रायफलींवरचे चॅपमनचे पुस्तक १८४० च्या दशकातले. १८५५ पासून सिराक्यूजच्या विल्यम माल्कमने रंगदोष काढलेली भिंगे वापरून अधिक स्वच्छ दुर्बिणी बनवल्या आणि अमेरिकी यादवी युद्धात त्या निवडक नेमबाजांच्या हाती गेल्या. त्याच युद्धात दक्षिणेकडच्या काही मोजक्या नेमबाजांकडे इंग्लंडहून आलेल्या व्हिटवर्थ रायफली होत्या. त्यांच्या डाव्या अंगाला बसणारी दुर्बीण डेव्हिड डेव्हिडसन याची, आणि हा डेव्हिडसन ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात चाकरी केलेला अधिकारी. म्हणजे कल्पना होती, भिंगे होती, गिऱ्हाईकही होते. पण वस्तू मूठभरांचीच राहिली. कारण तिच्या घडणीतच होते. जेम्स आणि माल्कम यांच्या दुर्बिणी बहुधा नळीइतक्याच लांब असत. नेम सुधारण्याचे स्क्रू दुर्बिणीच्या आत नसून तिला धरणाऱ्या कड्यांवर असत. स्क्रू फिरवला की सगळी दुर्बीणच तसूभर सरके. ही रचना टेकू लावून, सावकाश, एका ठिकाणाहून गोळी झाडणाऱ्यासाठी ठीक होती. खांद्याला रायफल लावून डोंगर चढणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. शिवाय प्रत्येक नग हाताने जुळवलेला, त्यामुळे किंमत कारागिराच्या दिवसांत मोजावी लागे.

दुसरी परंपरा मध्य युरोपातली. व्हिएन्नात १८९८ साली कार्ल रॉबर्ट काहलेसने दुर्बिणींचा कारखाना सुरू केला. येनामध्ये अर्न्स्ट आबे आणि काचशास्त्रज्ञ ओटो शॉट यांच्यामुळे त्साइस कंपनीकडे जगातली उत्तम प्रकाशीय काच होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच तिनेही रायफलीच्या दुर्बिणी काढल्या. या दुर्बिणी आखूड, मजबूत आणि अप्रतिम होत्या. पण त्यांच्यामागे शिकारीची एक विशिष्ट रीत होती : मचाणावर बसून, संध्याकाळ सरताना किंवा चांदण्यात, रानडुकराची वाट पाहायची. त्यासाठी प्रकाश ओढणारे मोठे भिंग हवे, मोठ्या भिंगासाठी उंच बैठक हवी, आणि गरज नसेल तेव्हा दुर्बीण काढून ठेवता यावी म्हणून नखांसारख्या आकड्यांची, रायफलीला हाताने घासून बसवलेली पकड हवी. ही पकड बसवणे हे कसबी बंदूकसाजाचे काम होते, आणि कसबाची मजुरी दुर्बिणीच्या किमतीवर वर चढे. अमेरिकेतला शिकारी बहुतेक राज्यांच्या कायद्याने दिवसाउजेडीच शिकार करणारा, पायी हिंडणारा आणि एकाच रायफलीवर सगळे भागवणारा. त्याने युरोपातली उत्तम दुर्बीण घेतली तर तो आपल्याला न लागणाऱ्या गुणांचेही पैसे मोजत होता. उत्तम वस्तू आणि योग्य वस्तू यांत इथेच पहिली फारकत दिसते.

दुर्बीण बसायची तर रायफलही तशी हवी, आणि किमतीच्या चर्चेत ही बाजू हमखास विसरली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी घरातली लोकप्रिय रायफल म्हणजे खालचा दांडा ओढून भरायची विंचेस्टर १८९४. तिची रिकामी काडतुसे वरच्या बाजूने उडत, त्यामुळे नळीच्या बरोबर वर दुर्बीण बसवणेच अशक्य. काडतूस तिरपे फेकणारी सुधारणा विंचेस्टरने केली ती थेट १९८० च्या दशकात. बोल्ट-ॲक्शन रायफल काडतूस उजवीकडे फेकते, तिचा माथा मोकळा असतो. म्हणून १८९८ ची माउझर आणि तिच्याच धर्तीवरची १९०३ ची अमेरिकी स्प्रिंगफील्ड या घराण्यानेच दुर्बिणीला घर दिले. तिथेही अडचण होती. लष्करी माउझरच्या बोल्टची मूठ वर उचलली की दुर्बिणीला आपटे, आणि मागचा सेफ्टीचा पंखही आड येई. मग मूठ तापवून वाकवा, सेफ्टी बदला, कवचात भोके पाडा, असा खर्च. १९२५ सालच्या विंचेस्टर ५४ मध्येही ही अडचण पुरती सुटली नव्हती. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या विंचेस्टर ७० ची मूठ मात्र खाली दबलेली होती, दुर्बीण नळीलगत बसवता येत होती. १९४८ ची रेमिंग्टन ७२१, १९५८ ची सॅव्हेज ११०, १९६२ ची रेमिंग्टन ७०० या रायफली तर दुर्बीण बसणारच हे गृहीत धरून बनल्या, स्क्रूंची भोके कारखान्यातच पाडून. बंदूकसाजाचे हातकाम वाचले, आणि परवडणाऱ्या दुर्बिणीची निम्मी लढाई दुर्बिणीच्या बाहेर जिंकली गेली.

आता वीव्हरचा निवाडा पाहू. त्याने सोडले ते असे. नळी जेमतेम पाऊण इंच जाडीची, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. पुढचे भिंग त्या नळीतच मावणारे, मोठ्या घंटेसारखे तोंड नाही. मोठेपणा अडीच पटीच्या आसपास, नाव ‘३३०’ असले तरी. बैठक म्हणजे पोलादी पत्र्याची ठोकून काढलेली साधी पट्टी. दिसायला ही दुर्बीण एखाद्या पाइपासारखीच, त्साइसशेजारी ठेवली तर दरिद्री वाटावी अशी. पण तीन गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. नेम सुधारण्याचे दोन्ही स्क्रू दुर्बिणीच्या पोटात ठेवले, त्यामुळे बाहेरच्या पट्टीला फक्त घट्ट धरून ठेवण्याचे काम उरले. डोळा आणि दुर्बीण यांत इतके अंतर ठेवले की धक्का बसताना भुवई फुटू नये. आणि मोठेपणा कमी असल्यामुळे दृश्याचा पट्टा रुंद राहिला, झाडीतून उठलेले हरीण चटकन सापडावे इतका. किमतीचे मोजमाप त्या काळच्या मजुरीत करून पाहावे. १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत पहिल्यांदा देशव्यापी किमान वेतन ठरले, तासाला २५ सेंट. त्या दराने १९ डॉलर म्हणजे ७६ तासांची, दोन आठवड्यांहूनही कमी कामाची मजुरी. विंचेस्टर ७० बाजारात आली तेव्हा तिची किंमत ६१ डॉलर २५ सेंट होती, म्हणजे २४५ तास. दुर्बीण रायफलीच्या एक तृतीयांश किमतीत आली. आजही अमेरिकी शिकाऱ्यांत एक म्हण आहे की रायफलीइतकाच पैसा दुर्बिणीवर घाला. दुर्बीण घरोघर पोहोचली तेव्हाचे गणित मात्र तसे नव्हते.

अडीच पटीची दुर्बीण ही गरिबाची तडजोड होती, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर दुसऱ्या महायुद्धाने दिले. अमेरिकी सैन्याला १९४३ मध्ये घाईने निवडक नेमबाजांची रायफल हवी होती तेव्हा रेमिंग्टनने स्प्रिंगफील्डची एक आवृत्ती बनवली, सुमारे २८,००० नग, आणि तिच्यावर वीव्हरची हीच नागरी दुर्बीण लष्करी नाव देऊन चढवली. सोव्हिएत सैन्याची आधीची दुर्बीण चार पटीची आणि जरा गुंतागुंतीची होती. युद्धकाळात त्यांनी तिच्या जागी ‘पीयू’ आणली, साडेतीन पटीची, आखूड, कमी भागांची, भराभर बनवता येणारी. ब्रिटिशांची ३२ क्रमांकाची दुर्बीण तीन पटीची, जर्मनांच्या बहुतेक चार पटीच्या. ज्यांना शिकाऱ्याहून कितीतरी लांब, आणि चुकले तर जिवावर बेतेल अशा परिस्थितीत नेम धरायचा होता, त्यांतल्या बहुतेकांनी अडीच ते चार पटींवर भागवले. यावरून अडीच पट सर्वोत्तम असे सिद्ध होत नाही. सैन्याने काय मिळते ते घेतले हेही खरेच. पण एवढे नक्की सिद्ध होते की मोठेपणा ही नेमबाजीतली पहिली अडचण नव्हे. .३०-०६ सारखे सर्वसाधारण काडतूस घेऊन रायफल २०० यार्डांवर बिनचूक केली तर ३०० यार्डांवर गोळी सात-आठ इंच खाली लागते. हरणाचा मर्मभाग साधारण तेवढाच. म्हणजे नेमाचे मधले ठिकाण न बदलता बहुतेक शिकार ज्या अंतरात होते, त्या अंतरात तीन पटीने हरीण शंभर यार्डांवर उभे असल्यासारखे दिसते. एवढे पुरत नसेल, तर उणीव दुर्बिणीत नसून हातात असण्याचा संभव अधिक.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वीव्हरच्याच दुर्बिणीतून निघतो, आणि तो टाळता येणार नाही. ३३० पुरती सीलबंद नव्हती. पावसात, किंवा थंडीतून उबदार खोलीत नेली की तिच्यात ओल शिरे, भिंगांवर आतून धुके धरे, आणि नेमक्या क्षणी समोर पांढरा पडदा येई. युद्धात त्याच तक्रारी आल्या. म्हणजे ‘काय सोडायचे’ हा निवाडा वीव्हरचाही एका जागी चुकला होता. ही चूक दुसऱ्यांच्या पथ्यावर पडली. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडची ल्युपोल्ड अँड स्टीव्हन्स ही कंपनी १९०७ पासून जमीनमोजणीची उपकरणे बनवत होती. पाण्याची पातळी नोंदणारी यंत्रेही तिच्याकडे होती. मार्कस ल्युपोल्डची दुर्बीण धुकाळल्यामुळे हरीण हुकले आणि त्याने याहून बरी दुर्बीण आपणच बनवू असे ठरवले, ही आख्यायिका कंपनी आजवर सांगत आली आहे. आख्यायिकेतले तिखटमीठ बाजूला ठेवले तरी परिणाम नोंदलेला आहे : १९४७ मध्ये कंपनीने ‘प्लेन्समन’ ही पहिली रायफल-दुर्बीण काढली, आणि नळीतली दमट हवा काढून तिथे कोरडा नायट्रोजन भरून तोंडे बंद करण्याची पद्धत तिने या धंद्यात रुळवली. ओरेगॉनचा पश्चिम भाग पावसाचा, एल पासो वाळवंटी. कोणत्या कारखान्याला धुक्याची काळजी आधी वाटावी याचे नवल नको. हा आक्षेप माझी मांडणी मोडत नाही, तिला धार देतो. सोडून देण्यासारख्या गोष्टींत सील कधीच नव्हते. दुर्बिणीची काच थोडी कमअस्सल असली तर नेम थोडा कमी पडतो. सील गेले तर नेम अजिबात लागत नाही. दोन उणिवांचे वजन सारखे नसते, आणि पैसा वाचवणाऱ्याला हा फरक आधी कळायला हवा.

युद्धानंतरची वीस वर्षे या दुर्बिणीची खरी भरभराटीची. वीव्हरने १९४७ च्या सुमारास ‘के’ मालिका आणली. एक इंचाची पोलादी नळी, मागच्यापेक्षा चांगले सील, आणि तिच्यातली चार पटीची ‘के-४’ ही एका पिढीची जवळजवळ ठरलेली निवड झाली. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे बंदूक-संपादक जॅक ओकॉनर, ज्यांचा शब्द अमेरिकी शिकाऱ्यांत प्रमाण मानला जाई, तेही सर्व कामांच्या रायफलीवर चार पटीच्याच दुर्बिणीचा पुरस्कार करत. या काळात दोन सुधारणा अशा झाल्या की त्यांनी किंमत फारशी न वाढवता उपयोग बराच वाढवला. पहिली भिंगांवरच्या लेपाची. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परततो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये यावर पातळ लेपाचा उपाय काढला. तो बराच काळ लष्करी गुपित राहिला आणि युद्धानंतर नागरी दुर्बिणींत आला. प्रत्येक पृष्ठभागावरची गळती दीड टक्क्यावर आली तरी दहा पृष्ठभागांतून ८६ टक्के प्रकाश पार होतो. मोठ्या भिंगाने जे साधायचे त्यातले बरेचसे या अदृश्य लेपाने साधले, आणि वजन मात्र वाढले नाही. दुसरी सुधारणा १९६२ ची, ल्युपोल्डची ‘डुप्लेक्स’ फुली : कडेला जाड, मध्यावर बारीक तारा. जाड तार अंधुक उजेडात दिसते, डोळा आपोआप मध्याकडे ओढला जातो, आणि बारीक तार निशाण झाकत नाही. तारेची जाडी बदलण्याला असा कितीसा खर्च? पण संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत या एका बदलाचा उपयोग दुप्पट मोठेपणाहून अधिक. प्रकाशाचेही एक सोपे गणित आहे : भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा म्हणजे डोळ्यावर येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ३२ मिलिमीटर भिंग, चार पट, म्हणजे आठ मिलिमीटर. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. तेव्हा साध्या चार पटीच्या दुर्बिणीत डोळ्याला पेलेल त्याहून थोडा अधिकच झोत येत होता.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो : हे सगळे निवाडे वगैरे ठीक, पण दुर्बीण खरी स्वस्त केली ती जपानी मजुरीने. यात तथ्य आहे. युद्धानंतर जपानचे लष्करी प्रकाशीय कारखाने नागरी मालाकडे वळले. डॉलरला ३६० येन हा दर १९७१ पर्यंत टिकल्यामुळे जपानी माल अमेरिकेत फार स्वस्त पडे. बुशनेल आणि टॅस्को यांसारख्या अमेरिकी कंपन्यांनी स्वतःचा कारखाना न घालता जपानी माल आपल्या नावाने विकण्याचा धंदा वाढवला. निर्यात होणाऱ्या दुर्बिणीवर तपासणी संस्थेचा छोटा सोनेरी शिक्का असे, कारण वाईट मालाने सगळ्या उद्योगाचेच नाव जाण्याची भीती सरकारला होती. पुढे येन महागला तसे उत्पादन कोरिया, फिलिपाइन्स आणि चीनकडे सरकले, आणि वीव्हरचा एल पासोचा कारखाना १९८० च्या दशकात बंद पडला. मजुरीने किंमत उतरवली हे मान्य. पण त्याच मजुरीत, त्याच देशात, उत्तम दुर्बिणीही बनल्या आणि दहा गोळ्यांत फुली हरवणाऱ्या खेळण्यासारख्याही. मजुरीने वाचलेला पैसा कशावर लावायचा, हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्यापुढे नव्याने उभा राहिला आणि बऱ्याच जणांनी त्याचे सोयीचे उत्तर दिले : पेटीवर छापता येईल त्यावर. मोठेपणाचा आकडा छापता येतो, भिंगाचा व्यास छापता येतो. आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग पाचशे धक्क्यांनंतर तशीच राहील का, स्क्रूचे दाते समान आहेत का, रबरी कडे दहा हिवाळे टिकेल का, हे छापता येत नाही. वीव्हरने दिसणारे सोडले आणि न दिसणारे ठेवले. हलक्या विक्रेत्याने दिसणारे वाढवले आणि न दिसणारे काढून घेतले. दोन्ही दुर्बिणी सारख्याच किमतीत मिळू शकतात, म्हणूनच किंमत हा एकटा निकष कुचकामी आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता तीन ते नऊ पट बदलणारी, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण चार पटीच्या दुर्बिणीच्याच भावात मिळते. मग कमी का घ्यावे? १९७० नंतर ही ३-९×४० दुर्बीण अमेरिकी रायफलीची नवी ठरलेली निवड बनली, आणि तिच्यामागे विचार होता. झाडीत तीन पट ठेवायची, रुंद पट्टा आणि तेरा मिलिमीटरचा झोत. माळावर टेकू मिळाला तर नऊ पट करायची, तेव्हाही झोत साडेचार मिलिमीटरच्या आसपास उरतो. रायफलीचा नेम कागदावर जुळवताना जास्त मोठेपणाचा उपयोग निर्विवाद आहे. तेव्हा मोठेपणा बदलणाऱ्या दुर्बिणीला विरोध करण्यात अर्थ नाही. पण बदलणाऱ्या मोठेपणासाठी आतली भिंगे पुढेमागे सरकावी लागतात, त्यासाठी खाचा असलेली नळी, कडी, स्प्रिंगा लागतात, आणि त्यातला प्रत्येक भाग धक्क्याने ढिला होऊ शकतो. पंचवीस पटींपर्यंत जाणारी दुर्बीण त्याच पैशांत मिळत असेल तर ते जादा पैसे आकाशातून पडलेले नसतात. ते याच आतल्या भागांतून, काचेच्या जातीतून आणि लेपातून काढलेले असतात. नऊ पटींपर्यंतचे यंत्र चांगल्या कारखान्यांनी पन्नास वर्षे घोटले आहे, म्हणून तिथे कमी पैशांतही विश्वास मिळतो. त्यापलीकडे विश्वास विकत घ्यावा लागतो, आणि तो महाग आहे.

चौथा आक्षेप मुळालाच हात घालतो : दुर्बीण हवीच कशाला? नळीच्या टोकाची माशी आणि मागचे बारीक छिद्र यांवर माणसे केवढी अचूक नेमबाजी करतात! मराठी वाचकाला याचे ताजे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि या प्रकारात दुर्बीण नियमानेच चालत नाही. दहा गुणांचे वर्तुळ तिथे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पण या उदाहरणाचा नीट अर्थ लावला पाहिजे. तिथे अंतर ठरलेले, निशाण पांढऱ्यावर काळे आणि गोल, उजेड पुरेसा, आणि नेमबाजाचे आयुष्य सरावात गेलेले. उघड्या नेमात डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि निशाण अशा तीन अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी पाहाव्या लागतात आणि मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो; मागचे बारीक छिद्र ही अडचण बरीच कमी करते, पण छिद्र बारीक केले की उजेडही कमी होतो. करड्या हरणावर, करड्या झाडीत, तिन्हीसांजेला ही सवलत उरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, जवळचे अंधुक दिसणाऱ्या डोळ्याला तर मुळीच नाही. दुर्बीण निशाण आणि फुली एकाच पातळीवर आणते. तिचा मूळ उपकार हा आहे, मोठे दाखवणे हा दुय्यम. म्हणूनच अडीच पटीनेही एवढा फरक पडला.

शेवटचा आक्षेप नीतीचा. स्वस्त दुर्बिणीने हातात नसलेले कौशल्य असल्याचा भास दिला, लांबून गोळ्या झाडण्याचा मोह वाढवला, जखमी जनावरे रानात मरू लागली, असे खुद्द शिकाऱ्यांतलेच जाणते सांगत आले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न बहुतांशी मिटवला, त्यामुळे आपल्याला हा वाद परका वाटेल. पण जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे तो खरा आहे. माझ्या मते या आक्षेपाचा रोख दुर्बिणीकडे नसून मोठेपणाच्या आकड्याकडे असायला हवा. कमी पटीची दुर्बीण निशाण स्पष्ट दाखवते आणि अंतर लपवत नाही. सहाशे यार्डांवरचे जनावर तिच्यात लहानच दिसते, आणि ते लहान दिसणे हाच आवर आहे. चोवीस पटींत तेच जनावर अंगणात आल्यासारखे वाटते, वारा आणि गोळीचा उतार मात्र तेवढेच राहतात. तेव्हा पैसा वाचवणारी निवड आणि आवर राखणारी निवड इथे एकच निघते.

या सगळ्या पुराव्यातून खर्चाचा क्रम निघतो, आणि तो दुकानातल्या पेट्यांवरच्या क्रमाच्या उलटा आहे. आधी जुळवलेला नेम जागेवर राहणे : स्क्रू वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवून प्रत्येक कोपऱ्यावर गोळी झाडली, तर शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी पडली पाहिजे, ज्या दुर्बिणीत ती पडत नाही तिचा बाकीचा तपशील वाचण्याचे कारण नाही. मग सील. मग घट्ट, साधी बैठक. वीव्हरने रूढ केलेल्या पट्टीच्याच वंशातली अमेरिकी लष्कराची १९९५ ची प्रमाणित पट्टी आहे, आणि या जातीची बैठक स्वस्तात चांगली मिळते. मग लेप आणि फुली. मोठेपणा सर्वांत शेवटी, आणि तोही नऊच्या आत. या क्रमाने गेले तर रायफलीच्या तिसऱ्या हिश्शात, फार तर निम्म्या किमतीत, सर्व कामांची दुर्बीण मिळते. वाचलेला पैसा काडतुसांवर घालावा, कारण १९३० च्या शिकाऱ्याला अडीच पट पुरली ती सरावाच्या जोरावर. सराव नसलेल्या हाताला दुर्बीण फक्त एवढेच दाखवते की फुली किती हलते आहे.